शिआनमधली तुळस

“काका, चीनमध्ये तुळशीवृंदावन असतं?” जयवंतने भिंतीकडे बोट दाखवत विचारलं.

शिडीवरून सहदेव पेंटरने खाली पाहिलं. साकीनाक्याजवळचं जयवंतचं चायनीज हॉटेल उद्या उघडायचं होतं. शहाऐंशी साल ते. जो तो हॉटेल काढी, ते चायनीजच! भिंतीवर चीनची जुनी राजधानी शिआन उभी होती: रुंद तटबंदी, हिरव्या कौलांचा घंटामनोरा, आणि ह्युएनत्संगाने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी बांधलेला सात मजली पॅगोडा. रद्दीतल्या मासिकाच्या फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखून सहदेवने एकेक चौकोन भिंतीवर मोठा केला होता. पण फोटोचा खालचा कोपरा नेमका फाटलेला. तिथे हाताला जे आलं ते काढून झालं.

“फोटो फाटका होता, शेट. हात आपला चालत गेला.”

“लोक हसतील ना यार! बाकी काम एकदम झकास. तेवढं संध्याकाळपर्यंत उडवा.”

उडवा म्हणे! तीस वर्षं सहदेवने सिनेमाची पोस्टरं रंगवली. नवा शुक्रवार आला की जुनं सगळं पुसलं जाई. टिकेल असं हे पहिलंच काम. आणि वृंदावन तरी कुणाचं? मालवणकडच्या त्याच्या घरचं. भावांच्या वाटणीत अंगणाचे दोन तुकडे झाले, आणि मधे येतं म्हणून ते पाडलं. आता जगात ते एवढ्या भिंतीवरच उरलं होतं. बिचाऱ्याला लहान मुलासारखं रडावंसं वाटलं. तरी तो इतकंच म्हणाला, “आधी बायकोला दाखवतो, मग पुसतो.”

शेवंती आली. नवऱ्याचं काम ती कधी नव्हे ते बघत होती. पॅगोडा देवाचा आहे असं कळताच ती मागे फिरली आणि चपला दाराबाहेर ठेवून आली. मान वर करून तिने सातही मजले मोजले. मग खालच्या कोपऱ्याशी थबकली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

“आपलां वृंदावन मा ह्यां?”

“व्हय.”

“मगे पणती खंय आसा?”

“इसारलंय गो. आणि आता पुसूचांच आसा ह्यां.”

“पुसा. पण आधी दिवो लावा. आपली तुळस काळोखात नको जाऊक.”

सहदेवने सगळ्यात बारीक ब्रश घेतला. वृंदावनाच्या पायथ्याशी, फरशीवर, पणती काढली. दोघं बराच वेळ बघत राहिली. मग त्याने करडा रंग कालवला आणि पुसायला घेतलं. पानं गेली, चौथरा गेला. पणतीपाशी येऊन हात अडला.

“हे काय राहिलं?” जयवंत मागे येऊन उभा होता.

“तेवढं राहू दे, शेट. चिनी माणसालाही तिन्हीसांजेला दिवा लागतच असेल ना?”

जयवंतने भिंतीकडे पाहिलं, शेवंतीकडे पाहिलं, आणि “बरं” म्हणून तो किचनमध्ये गेला.

सहदेव ब्रश धुवायला मोरीकडे वळला. पणतीचा रंग अजून ओला होता. टेबलं आत आणणाऱ्या माणसांचा धक्का लागू नये म्हणून शेवंती तिच्यापुढे उभी राहिली.