गाडीचा कान

मी धार काढायला बसलो होतो, तेवढ्यात अंगणातली गाडी आपोआप बोंबलायला लागली. लांबलचक हॉर्न, पुढचे दिवे उघडझाप, आणि आत चिटपाखरू नाही. म्हैस बिथरली. तिची लाथ बसली ती भरल्या बादलीला. दूध शेणात गेलं.

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "मेहुण्याची हाक आली वाटतं, भाऊजी."

मी बादली सरळ केली. पाठोपाठ खिशातला फोन वाजला.

"दाजी, ऐकू आलं का?"

"म्हशीलाही आलं. बादली सांडली."

"रविवारी गाडी परत द्या. नाहीतर रोज सांडेल."

गाडी त्याचीच जुनी, विजेवर चालणारी. नवी घेतली तेव्हा ही त्यानं बहिणीला दिली. कागद तिच्या नावावर केले, किल्ल्याही दिल्या, पण फोनातला ताबा स्वतःकडे राहू दिला. शहरात बसून तो गाडीला कुलूप घालू शकतो. घातलं की माझ्या खिशातली किल्लीही चालत नाही.

गाडीचं स्वतःचं नेट संपलं तेव्हा माझ्या बायकोनं ते पुन्हा भरलं नाही. घरात एक स्वस्तातला फोन पडून होता, काच तडकलेला, आवाज गेलेला. तो तिनं केसांच्या रबरानं स्टिअरिंगशेजारी बांधला आणि त्याचं नेट गाडीला जोडलं. हातात दुसरा फोन असायचा, तोही तसलाच. शेतात खुरपता खुरपता त्यावर बघायची, वीज आली का, गाडी भरायला लागली का. आमच्याकडे वीज म्हणजे पैसेवाला पाहुणा. येईल तेव्हा खरी.

बांधलेल्या फोनला ती गाडीचा कान म्हणायची. "कानात सांगितलं की ऐकते बघा. घरातल्या माणसासारखी नाही."

ती होती तेव्हाही मेहुणा सकाळी हॉर्न वाजवायचा. एकदाच, छोटा. बहिणीची आठवण आली की. शेणाचे हात तसेच घेऊन ती दारात यायची आणि गाडीकडे बघून हसायची, जणू भाऊच येऊन उभा राहिलाय. उन्हाळ्यात ती गेली. तेव्हापासून हॉर्न लांबला.

आमच्या वस्तीचं सगळं दूध या गाडीनं डेअरीवर जातं. रस्ता असा, की दुसरं कुणी वाहन घालत नाही. हे काम तिनं उभं केलं, शेवटी शेवटी मलाही गाडी शिकवली. आता माझ्या हातात एवढंच आहे. गाडी गेली की दूध गेलं, आणि मग सकाळी उठायचं कशासाठी, ते मला माहीत नाही.

त्याच दिवशी डेअरीवर दोन कॅन उतरवून आत ठेवले, परत आलो तर गाडीला कुलूप. बाकीचे कॅन गाडीतच, वर ऊन. मागे टेम्पो येऊन थांबला.

"काका, काढा की गाडी. का रुसली?"

मी मेहुण्याला फोन लावला. "उघड."

"नाही."

"लोकांचं दूध आहे आत. नासेल."

"नासू दे. दूध नासलेलं तुम्हाला लगेच कळतं. ताईचं कळलं नाही."

"कुलूप उघड आधी."

"माझ्या फोनात सगळं आहे, दाजी. त्या दिवशी गाडी कुठं कुठं गेली. आधी डेअरी, मग दवाखाना. बाई तापानं फणफणलेली, आणि तुम्ही आधी डेअरी?"

"गाडी तीच चालवत होती. मी शेजारी होतो. दूध टाकल्याशिवाय वळणार नाही म्हणाली. माझं तिनं कधी ऐकलंय?"

"मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं."

टेम्पोवाला उतरून जवळ आला. डेअरीवाला दारात येऊन बघत राहिला. घाम माझ्या मानेवरून खाली उतरत होता.

"रविवारी देताय?"

"देतो."

खट्ट करून कुलूप उघडलं. चार माणसांनी ते ऐकलं. माझा शब्दही ऐकला.

परतीच्या वाटेवर डोंगराचं वळण लागतं. तिथं फोनला रेंज नसते. तिथं आलं की ती दरवेळी म्हणायची, "झाली बहिरी. आता भाऊ बोंबलला तरी ऐकायची नाही." इतक्यांदा ऐकलेलं, पण त्या दिवशी डोक्यात शिरलं. मी गाडी वळणावरच थांबवली. रबर सोडलं. त्यात तिचे केस अडकलेले होते. फोन बंद केला, खिशात घातला आणि किल्लीनं गाडी चालू केली. झाली चालू.

आता शेतातून काही दिसत नाही. वीज आली का बघायला घरापर्यंत चालत यावं लागतं. येतो.

रविवारी मेहुणा आला. अंगणात उभं राहून गाडीसमोर फोन दाबत राहिला. गाडी गप्प.

"माझ्या फोनात ही अजून वळणावर उभी आहे," तो म्हणाला. "कान काढलात."

"काढला."

"शब्द दिला होतात. चार माणसांत."

"दिला होता. आता मोडला."

शेजारीण कुंपणाशी आली. "दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं नको करू बाबा. बहीण तुझी गेली, त्यात गाडीचा काय दोष?"

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका. मी गाडी ताईला दिली होती. हे आयत्या बिळावरचे नागोबा."

"असेन," मी म्हणालो.

"मग तो फोन तरी द्या. तिच्या हातचा आहे."

"घरात आहे, तिच्या आरशापाशी. तिथंच राहील."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, हात उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं, मीही उचलला असता. पण तो गाडीकडे वळला. खिडकीची काच खाली होती. आत हात घालून त्यानं हॉर्न दाबला. एकदाच, छोटा.

आणि घराच्या दाराकडे बघत उभा राहिला.

गोठ्यातून म्हशीनंही मान वळवून दाराकडे पाहिलं. मी मात्र पाहिलं नाही.

मग तो गेला. मी पाणी विचारलं नाही, त्यानं मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीचं दूध वेळेवर गेलं.