चारवर थांबलेली सुई

मित्रांनो, मी एक जुनी निळी बर्फपेटी आहे. इस्पितळाच्या कोठारात मोडक्या खुर्च्यांखाली पडून असते. सांगायला तोंड नाही, तरी सांगते.

मृत्यूनंतर दान केलेले स्वादुपिंड मी प्रयोगशाळेत पोहोचवत असे. तिथे त्यातून इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या काढून रुग्णाच्या शरीरात सोडतात. या पेशी फार नाजूक. चार अंशांच्या आसपास गारवा राहिला तरच जगतात. वाटेत झाकण उघडायचे नाही, असा नियम होता. म्हणून माझ्या झाकणात तापमापक बसवलेला होता आणि सगळे त्याच्यावरच विसंबत.

बारा वर्षे मी हे काम चोख केले. मग एकदा मी हातातून निसटून आपटले आणि सुई चारवर अडकली. मला बोलता येत नव्हते, हे खरे. पण सुई स्थिर आहे म्हणून लोक कौतुक करत तेव्हा मी सुखावत होते, हेही खरे.

एका दुपारी स्वादुपिंड घेऊन निघालो, तर पूल बंद होता. गाडी तीन तास उन्हात अडकली. माझ्या झाकणाचे रबर झिजलेले. आत बर्फाचे पाणी झाले.

"सिस्टर, ही सुई जरासुद्धा हलत नाही हो," चालक म्हणाला.

"मग चांगलंच की! आमची पेटी थंड डोक्याची आहे," परिचारिका हसली. "डोकं तुमचं तापलंय, काका. तुम्ही रस्ता बघा."

प्रयोगशाळेत डॉक्टरांनी झाकण उघडून दुसरा तापमापक लावला. एकोणीस अंश. स्वादुपिंडातल्या पेशी बहुतेक मेल्या होत्या.

वरच्या मजल्यावर एक शिक्षिका त्या पेशींची वाट पाहत होती. मधुमेहासाठी घ्याव्या लागणाऱ्या इन्शुलिनच्या इंजेक्शनांनी तिच्या रक्तातली साखर अचानक उतरे. दोनदा ती वर्गातच कोसळली होती. त्या भीतीने तिने तान्ह्या लेकीला कडेवर घेणे सोडले होते. परिचारिका तिच्यासमोर उभी राहिली. मला खाली ठेवायचेही तिला सुचले नव्हते.

"आज नाही होणार, ताई. चूक आमची आहे."

शिक्षिकेने विचारले, "ज्यांनी दिलं, त्यांना कळवलंत?"

"काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांगा."

परिचारिकेने तिथूनच फोन लावला. पलीकडे दात्याची आई होती. ऐकून घेऊन तिने एवढेच विचारले, "म्हणजे ते वायाच गेलं का हो?"

मित्रांनो, आम्ही शांत दिसतो म्हणून आम्हाला तपासायचे सोडू नका. निघण्यापूर्वी तापमापक झाकणातून काढून बर्फाच्या पाण्यात बुडवून सुई शून्यावर येते का, एवढेच पाहायचे होते. दोन मिनिटे लागली असती.