राहीची पाटी आणि जपानी डबी

मी राहीची पाटी बोलतेय. काळ्या दगडाची, लाकडी चौकटीची, वरच्या तारेत लाल-पिवळे मणी ओवलेली. माझं कौतुक केलं नाहीत तरी चालेल, पण त्या जपानी डबीचं कौतुक माझ्यासमोर करू नका. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कुठल्याशा दूरच्या खाणीतून निघून, घासूनपुसून मी पालीच्या बाजारात आले. आप्पा, म्हणजे राहीचे वडील, रोज एसटीने रत्नागिरीला कचेरीत जाणारे कारकून. मुलगी शाळेत जाणार म्हणून त्यांनी दुकानातल्या पाट्या बोटाने वाजवून पाहिल्या आणि मला निवडलं. त्या दिवशी मी केवढ्या तोऱ्यात घरी आले!

राही चित्रं झकास काढी. अक्षरांशी मात्र तिचं जमेना. 'घर' लिहायला जाई आणि 'धर' होई. 'भात'चा 'मात' होई. ३ आणि ६ तर कायम एकमेकांच्या जागेवर. रोज त्याच चुका, त्याच अक्षरांच्या. मला त्या पाठ झाल्या होत्या, पण सांगणार कशी? रावजी गुरुजी जवळ येताना दिसले की राही थुंकी लावून परकराने मला पुसून टाकी. गुरुजींना दिसे ती कोरी पाटी आणि खाली मान घातलेली मुलगी.

तिसरीतही तेच. शेवटी गुरुजी घरी आले. "आप्पा, हिला पुन्हा पहिलीत बसवतो. नाहीतर घरीच ठेवा. डोक्यात काही शिरत नाही हिच्या."

आप्पा आईला म्हणाले, "दिवाळीनंतर शाळा बंद करू. तुला घरात मदत होईल."

राही दाराआड उभी होती. तिने मला छातीशी इतकं घट्ट धरलं की चौकट करकरली.

गणपतीला हेमाआत्या आली. आप्पांची ही धाकटी बहीण मुंबईत शिक्षिका. तिनेच ती जपानी खेळाची डबी आणली. तळहातावर मावणारी, चकचकीत. काचेत एक झाड, खाली टोपलीवाली बाई. झाडावरून फळं पडायची आणि दोन बटणं दाबून बाईला डावी-उजवीकडे पळवत ती झेलायची. प्रत्येक फळाला टुक असा आवाज. एवढंच. यात काय मोठंसं?

पण राही तिला चिकटली ती चिकटलीच. आरतीला हाका मारून आणावी लागे. माझ्यावर एक अक्षर काढताना जी दहादा अडे, तिची बोटं त्या बटणांवर नाचत होती. इतकी वर्षं मी तिच्या मांडीवर बसले, आणि ही काल आलेली बया! मी कोनाड्यात धूळ खात जळत होते.

हेमा शेजारी बसून नुसती बघत होती. मग म्हणाली, "आप्पा, हिला मठ्ठ कोण म्हणतं? फळ कुठून पडणार ते ही आधी ओळखत्ये."

"खेळात हुशार असून काय उपयोग गो?"

"उपयोग असा, की डोकं चांगलं चालतंय. नजर चांगली, लक्ष चांगलं. मग अडतंय कुठे, ते बघायला नको? आमच्या शाळेत येणाऱ्या डॉक्टरीणबाई मुलांना असेच खेळ देतात आणि बघत बसतात. खेळावरून सगळं नाही कळत, पण कुठे शोधायचं ते कळतं."

मग हेमाला माझी आठवण झाली. तिने सांगितलेले शब्द राहीने लिहिले आणि सवयीने परकर उचलला. हेमाने तिचं मनगट धरलं. "पुसू नको गो."

जन्मात पहिल्यांदा मी न पुसलेली शाळेत गेले, हेमाही सोबत आली. गुरुजींनी चष्मा लावून मला बराच वेळ न्याहाळलं.

"दर वेळी हीच अक्षरं चुकतात?"

राहीने मान हलवली.

"मग कोरी पाटी का दाखवायचीस?"

"तुम्ही माराल म्हणून."

गुरुजींनी चष्मा काढून मला राहीच्या हातात परत दिलं. मग हेमाला म्हणाले, "राहू दे तिसरीतच. तुम्ही म्हणता त्या डॉक्टरीणबाईंना दाखवून घ्या. तोवर मी हिला तोंडी विचारत जाईन."

आप्पांनीही मग शाळा बंद करायचं नाव काढलं नाही. राहीची शाळा वाचली. पण नाव कुणाचं झालं? शेजारची तुळसा गावभर सांगत सुटली, "त्या डबीनं पोरीला शाणी केलान हो." डबीनं! पुरावा कुणाच्या अंगावर होता? दसऱ्याला पाटीपूजनात तर राहीने ती डबीही पाटावर मांडली, माझ्या शेजारी. पहिलं झेंडूचं फूल तिला. मला दुसरं.

दसरा झाला आणि डबी आंधळी झाली. तिचा बटणाएवढा सेल पालीत मिळेना, रत्नागिरीतही मिळेना. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

राही रडली. मग तिने मला मांडीवर घेतलं. खाली टोपलीवाली बाई काढली, वर झाड काढलं आणि फळांच्या जागी लिहिलं घ, ध, भ, म. आई एकेक अक्षर म्हणे. राही ते शोधून बोटाने पुसे आणि तोंडाने म्हणे, टुक. चुकलं तर हसून पुन्हा लिही. तेच पुसणं, पण आता गुरुजी समोर बसले तरी तिचा हात परकराकडे जात नाही.

आता माझी एक कड उडालीय, मणीही थोडेच उरलेत. डबी फडताळात पडलीय. दिवाळीला हेमा येणार आहे, येताना सेल आणणार आहे म्हणे. तुम्हाला ती एसटीत भेटली तर तिला एवढं सांगा, की सेल विसरलात तरी चालेल. मन मोठं कर म्हणाल, तर मी दगडाची आहे.