रविवारची धान्यगाडी

बाबांच्या कॉम्प्युटरचं काय करायचं हे पेरननं दफनविधीवरून परततानाच ठरवून टाकलं.

"भंगारात," तो गाडी चालवता चालवता म्हणाला. "ते नवं कार्ड तेवढं खोक्यात आहे अजून. ते विकू."

"विकायचं नाही."

"मॉर, तू आयुष्यात कधी स्क्रू ड्रायव्हर हातात धरलायस?"

"आता धरीन."

पेरन माझा धाकटा भाऊ. तो ॲडलेडला राहतो, मी इथेच, कडीना गावात राहिले. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी. बाबा धान्याच्या मालगाड्या चालवायचे, आतल्या सायलोंपासून, म्हणजे धान्याच्या उंच कोठारांपासून, वॉलरूच्या बंदरापर्यंत. मग लाईन बंद झाली आणि धान्य ट्रकांनी जाऊ लागलं. बाबा सभांमध्ये बोलले, मंत्र्यांना पत्रं पाठवली, हरले. त्यानंतर त्यांनी आणि त्यांच्यासारख्याच काही निवृत्त हट्टी लोकांनी ती अख्खी लाईन कॉम्प्युटरवर पुन्हा बांधली. प्रत्येक फाटक, प्रत्येक सायलो, कार्लिंगा स्टेशनाबाहेरचं वाकडं निलगिरीचं झाडसुद्धा. रविवारी दुपारी सगळे आपापल्या घरून त्या एकाच लाईनीवर गाड्या चालवायचे आणि पोर्ट पिरीहून डिमी कलोगेरास सिग्नल द्यायची. धान्यगाडी बाबांची. याला कुणी खेळ म्हटलं की बाबांचं जेवणावरून मन उडायचं.

त्यांचा ब्रेक खरा होता. भंगारात गेलेल्या एका इंजिनाचा पितळी दांडा त्यांनी लाकडी पेटीवर बसवला होता. ती पेटी जुन्या पद्धतीच्या रुंद सॉकेटातून कॉम्प्युटरला जोडलेली होती, आणि तसं सॉकेट नव्या मशिनींना नसतंच. म्हणून बाबा मशीन बदलत नव्हते. पण त्या लाईनीची नवी आवृत्ती येणार होती आणि जुन्या कार्डावर ती चालणार नव्हती, तेव्हा त्यांनी नवं ग्राफिक्स कार्ड मागवलं. ते घरी आलं तेव्हा बाबा इस्पितळात होते.

दफनानंतरच्या आठवड्यात डिमीचा फोन आला.

"पोरी, रॉस माझाही दोस्त होता. पण येत्या रविवारपासून आम्ही सगळे नव्या आवृत्तीवर जाणार. धान्यगाडी रिकामी ठेवली तर मागच्या सगळ्या खोळंबतात. क्वीन्सलंडचा एक रेमंड कधीपासून रांगेत उभा आहे."

"धान्यगाडी रविवारी आमच्याच घरून निघेल."

"चालवणार कोण?"

"मी."

"तू? तुला मी आमच्या लाईनीच्या क्लबाच्या जेवणाला गाडी लावताना पाहिलंय. खांबानं जागा दिली म्हणून लागली."

"खांबाला इजा झाली नव्हती," मी म्हणाले.

जुन्या पॉवर सप्लायची ताकद नव्या कार्डाला पुरणार नव्हती, हे खोक्यावरच छापलं होतं. दुकानातल्या माणसानं मी काढलेले फोटो पाहिले आणि मला समजुतीच्या सुरात सांगितलं की हे मशीन आता फक्त दरवाजा अडवायला ठीक, नवंच घ्या. गेले काही दिवस प्रत्येकजण माझ्याशी याच सुरात बोलत होता. आता घर लहान घे. आता थोडी फिरून ये. आता तू मोकळी झालीस.

"मला सल्ला नकोय," मी म्हणाले. "पॉवर सप्लाय हवाय."

शनिवारी पेरन ट्रेलर लावून आला, भंगार न्यायला. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर आडवा, झाकण काढलेला, आणि मी त्याच्यावर वाकलेली. बाहेर उन्हानं अंगण पांढरं पडलं होतं. तो जाळीच्या दारात उभा राहिला.

"कार्ड बसतंय का?"

"नाही. लांब आहे. डिस्कचा पिंजरा मध्ये येतो."

"मग झालं तर. सोड."

"मग पिंजरा काढायचा."

त्यानं टोपी काढून खुर्चीवर टाकली. "सरक. तू त्या स्क्रूची डोकी घासून टाकशील."

आम्ही पिंजरा काढला, डिस्क खालच्या बाजूला पट्टीनं बांधली. आतली धूळ अंगणात नेऊन फुंकली. धुळीचा रंग गव्हाच्या कोंड्यासारखा होता. मग कार्ड खाचेत दाबलं. ते टक्क करून बसलं तेव्हा पेरन नकळत हसला.

जुना पॉवर सप्लाय बाहेर काढताना त्याचे हात थांबले. डब्यातून निघणाऱ्या प्रत्येक वायरीवर बाबांनी सुती दोरा गुंडाळला होता, तांबडा आणि हिरवा, इतका घट्ट आणि सारखा की जोड कुठे ते दिसत नव्हतं.

"हे कधी केलं त्यांनी?"

"हिवाळ्यात. क्रिकेट ऐकत."

पेरननं त्या वायरी दोन्ही बाजूंनी सोडवल्या आणि नव्या डब्याला लावून पाहिल्या. टोकं घट्ट बसली. नव्याबरोबर आलेल्या काळ्या वायरी त्यानं परत पिशवीत कोंबल्या. "या कशाला? याच बसतात. निदान हे तरी राहू दे त्यांचं." एवढं बोलून तो उगाचच खिडकीकडे गेला.

मला ते आवडलं. खूपच आवडलं. पण मी तोवर पॉवर सप्लायचं माहितीपत्रक वाचत होते. मी काहीही वाचते, सॉसच्या बाटलीवरचंही. आणि तिथे शेवटच्या पानावर ते लिहिलेलं होतं.

"पेरन, या वायरी काढायला हव्यात."

"का?"

"या त्या जुन्या डब्याच्या आहेत. टोक बसतं, पण नव्या डब्यात तारांचा क्रम वेगळा आहे. पाच व्होल्टच्या जागी बारा जातील. डिस्क जळेल, आणि ब्रेकच्या दांड्याचा प्रोग्रॅम त्या डिस्कवर आहे. दुसरीकडे कुठेच नाही."

"घट्ट बसल्यात की."

"तोच तर धोका आहे."

तो वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "इतके दिवस मला ऐकवतेयस, यातलं काही फेकायचं नाही. आणि आता त्यांच्या हातचं एवढं एकच काम आहे, तर—"

"फेकायचं नाही असं मी म्हणत नव्हते. चालवायचं म्हणत होते."

"एकदा बटण दाबून तर बघू."

"हात लावू नकोस."

मी त्याच्याशी अशी कधी बोलले नव्हते. तो जागचा हलला नाही, तेव्हा मीच वायरी काढल्या. प्रत्येक टोकाला एक चिमुकला खटका असतो, तो दाबून ओढावं लागतं. दफनाच्या दिवशी मी रडले नव्हते आणि तेव्हाही नाही, पण शेवटची दोन टोकं मी बाकीच्यांपेक्षा सावकाश काढली.

थोड्या वेळानं पेरननं पिशवीतून काळ्या वायरी काढल्या आणि एकेक माझ्या हातात देऊ लागला.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

"गेलं," पेरन म्हणाला.

"मागे बघ."

पडद्याची वायर आम्ही सवयीनं जुन्याच जागी खोचली होती. ती नव्या कार्डात लावली आणि पडदा उजळला.

रविवारी मी बाबांचा हेडफोन कानाला लावला. पेरन मागे मांस भरलेली पेस्टी खात बसला होता. ट्रेलर रिकामाच उभा होता.

"ऐका सगळे," डिमीचा आवाज आला. "ही रॉसची शेवटची फेरी. कार्लिंगाला सगळ्यांनी शिट्टी द्यायची. मग गाडी रेमंडकडे. ठीक ना, पोरी?"

"नाही."

मी दांड्यावर हात ठेवला.

"शिट्ट्या नकोत. मी श्रद्धांजली वाहायला आलेले नाही. धान्य घेऊन आलेय. आणि पुढच्या रविवारीही येणार आहे."

"चालवून तर दाखव आधी," डिमी म्हणाली आणि तिनं सिग्नल हिरवा केला.

मी चालवली. वाईट चालवली. दांडा माझ्या अंदाजापेक्षा जड होता, आणि भरलेली गाडी थांबायला किती जागा घेते हे कुठल्याच पुस्तकात मला नीट वाचायला मिळालं नव्हतं. कार्लिंगाचा फलाट गेला, निलगिरी गेली, आणि इंजिन फाटकाच्या बऱ्याच पुढे जाऊन थांबलं.

"अगं, ब्रेक आधी लावायचा असतो," पेरन भरल्या तोंडानं म्हणाला.

"सगळी लाईन अडवलीस," डिमी म्हणाली. मागचे दोन ड्रायव्हर कुरकुरत होते. क्वीन्सलंडचा रेमंड फार सभ्यपणे म्हणाला की त्याला आत्ताही गाडी घेता येईल, तो तयारच बसलाय.

"बसून राहा, रेमंड," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं. डिमीनं मोठा सुस्कारा सोडला. "पुढच्या रविवारी पण असंच करणार?"

"याहून बरं करीन. पण मीच करीन."

"मग मागे घे. हळू. मी मागचा सिग्नल देते."

मी इंजिन उलट्या दिशेला लावलं आणि ब्रेकचा दांडा सोडला. धान्यानं भरलेले डबे एकेक करत मागे सरू लागले.