पिंड, कावळा आणि चमकीचा टेम्पो

आमच्याकडं माणसं गाठायची असतील तर लग्नाला जाऊ नये. लग्नात पुढारी अक्षता टाकतो आणि पळतो. दशक्रियेला मात्र पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणाच्या बापाला उठता येत नाही. संचालक, सरपंच, पतसंस्थावाले, सगळे पांढऱ्या कपड्यांत ओळीनं बसलेले. दुःख घरच्या चार माणसांना. बाकीचे कामं घेऊन आलेले. खोटं वाटत असेल तर कोल्हारच्या घाटावर येऊन बघा.

वाल्मिकला हे पक्कं ठाऊक होतं. त्याला दूध संघाच्या वाहतुकीचा रूट पाहिजे होता. नवा टेम्पो दारात उभा होता आणि त्यात सध्या त्याच्या बायकोच्या, सविताच्या कोंबड्या झोपत होत्या. संघाचे चेअरमन आप्पासाहेब ऑफिसात भेटत नव्हते, फोन उचलत नव्हते. तेवढ्यात त्यांची आई, चांगुणाबाई, वारल्या.

"आता सापडत्याल," वाल्मिक म्हणाला.

"लाज हाय का काई?" सविता म्हणाली. "आन् जायाचंच तर टेम्पो धुवून न्या. कोंबड्यांचा वास येतोय."

ओळखी कशा वाढवाव्यात याचं एक शिबिर वाल्मिकनं नगरला हॉटेलात केलं होतं. टाय लावलेला एक जण तिथं सांगत होता, गर्दीत उठून दिसा. एवढ्या वाक्यावर त्या गृहस्थाचं पोट चालतं. वाल्मिकनं टेम्पोला चंदेरी चमकीच्या पट्ट्या बांधल्या, पुढं स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावला आणि गाडी थेट घाटावर, पिंडाच्या जागेला खेटून उभी केली.

मग श्रद्धांजल्या सुरू झाल्या. वाल्मिकनं माईक ओढून घेतला. "आजी गेल्या. पन त्यांचं दूध, म्हंजे त्यांची माया, घरोघर पोचवायला गाडी येळेवर पायजे. माजा नंबर गाडीवर हाय."

पिंड ठेवले. कावळे लिंबावर बसून होते, खाली येईनात. आप्पासाहेबांनी मुंडण केलेलं डोकं खाली घातलं. "आई, धाकट्याला हिरीचं पानी देतो." कावळा हलला नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "आई, दादाच्या इरोधात पॅनल टाकनार न्हाई." तरी नाही. ऊन चढलं. पुढारी एकमेकांची घड्याळं बघू लागले.

शेवटी चांगुणाबाईंची बहीण कडूबाई काठी टेकत उठली आणि टेम्पोपाशी गेली.

"आरं टेम्पोवाल्या, जवारीत पाखरं हाकाया आमी ह्याच पट्ट्या बांधतो. तू माज्या बहिनीच्या पिंडाम्होरं बांधल्यास व्हय? काढ ती गाडी."

घाटावर निम्मे शेतकरी होते. एकाच्याही टाळक्यात हे आलं नव्हतं. सगळे साहेबांच्या नजरेत यायला बसलेले, झाडाकडं कोण बघतो?

वाल्मिक गाडीत चढला, पण किल्ली फिरवेना. असे आप्पासाहेब परत सापडणार नव्हते.

"काढतो की. पन आप्पासाहेब, माज्या अर्जाचं तेवढं..."

"आत्ता?"

"तुमी ऑफिसात भेटत न्हाई."

आप्पासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग लिंबाकडं पाहिलं. पिंडाला हात जोडून दातओठ खात म्हणाले, "आई, ह्या मानसाला रूट देतो. पन ह्याला हितनं ने."

टेम्पो वळणाआड गेला आणि कावळा पिंडावर उतरला. पुढाऱ्यांना तर चपला घालायचीही सवड उरली नाही.

जेवणाच्या पंगतीत आप्पासाहेब हळूच म्हणाले, "मावशी, कावळा पट्ट्या गेल्या म्हनून आला. माज्या शब्दाचा काय संबंध?"

"नसंल," कडूबाई म्हणाली. "जा, घाटावर जाऊन तिला तसं सांगून ये."

आप्पासाहेब गेले नाहीत. वाल्मिकला रूट मिळाला.

पुढं एका संचालकाचे वडील वारले. वाल्मिक दशक्रियेला गेला तर घाटावर टेम्पोंची रांग, सगळे चमकीनं मढवलेले. कावळ्यांनी झाडसुद्धा सोडलं होतं. वाल्मिकचं डोकं फिरलं.

"काय मानसं हायती," तो शेजारच्याला म्हणाला. "मयताच्या दारात धंदा करत्यात."

आणि त्यानं स्वतःचं कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं.