लिटरभर फुगे

फुगेमास्तरांचा साबणाचा फुगा फुटायला लाजतो, अशी त्यांची ख्याती. एका लग्नात सोडलेला फुगा म्हणे त्या जोडप्याचं पहिलं बाळ बघायला परत आला! खोटं वाटत असेल तर मास्तरीणबाईंना विचारा. त्याही तेच खोटं सांगतील.

पण त्या दिवशी विमानतळावर मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तपासनीसाने त्यांच्या हातातल्या बॅगेतून लिटरभराची बाटली काढली.

"आजोबा, शंभर मिलीच्या वर पातळ काही नेता येत नाही. इथेच ओता."

"ओता? अहो, हिवाळाभर मुरवलंय हे साबणपाणी! उद्या नातीचा वाढदिवस. अख्खी पोरगी मावेल एवढा फुगा कबूल केलाय. थेंबभर कमी पडून चालायचं नाही!"

तपासणी आटोपून पलीकडे उभ्या मास्तरीणबाई कडाडल्या, "तरी सांगत होते, मोठ्या बॅगेत टाका! पण नाही, बाळ कडेवरच हवं!"

मास्तरांनी डोकं खाजवलं. "साहेब, रिकामी बाटली चालेल?"

"खुशाल न्या."

"आणि हवा?"

"हवेला कोण अडवतंय!"

झालं! मास्तरांनी खिशातून तारेची कडी काढली, बाटलीत बुडवली आणि घातली फुंकर. भोपळ्याएवढे फुगे डुलत डुलत यंत्रावरून निघाले. बूट हातात घेतलेले प्रवासी बुटांवर बूट आपटून टाळ्या पिटू लागले. पलीकडे मास्तरीणबाईंनी आपली रिकामी बाटली उघडून धरली. एकेक फुगा शहाण्या लेकरासारखा तोंडाशी यायचा, टुपकन आत गळायचा.

"जन्मभर यांचे फुगे झेललेत, आज काय नवीन!"

मास्तर कोरडी बाटली घेऊन ऐटीत पलीकडे पोचले. बाईंनी भरलेली बाटली उजेडात धरली. "अहो, एक फुगा कमी आहे."

"मेलो! म्हणजे पोरगी गळ्यापर्यंतच मावणार!"

विमानाची हाक झाली. मास्तरांचे पाय उचलेनात. तेवढ्यात तपासनीस आला. चवड्यांवर, श्वास रोखून, मान ताठ. टोपीवर तो हरवलेला फुगा!

"घ्या लवकर, आजोबा, मान आखडली. शंभर मिलीच्या आतच आहे, मी बघितलं."

दुसऱ्या दिवशी नात डोक्यापासून टाचेपर्यंत फुग्यात मावली. फुगा मात्र काही केल्या फुटेना. शेवटी केक आतच पाठवावा लागला.