रफमधला पट्टा

अश्लेषाला अर्धवट काही बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेली तरी भिंतीवरची वाकडी फ्रेम सरळ करून येते. नवरा म्हणून माझ्याही शर्टाची कॉलर लग्नापासून दिवसातून चारदा सरळ होते. या खोडीचं मला पूर्वी हसू यायचं.

हार्लेममध्ये कंपन्यांच्या उत्पादनांच्या फिल्म बनवणाऱ्या एका स्टुडिओत ती होती. तिथे आधी ‘रफ’ तयार होतं: करड्या ठोकळ्यांची आणि बिनचेहऱ्याच्या बाहुल्यांची हलती फिल्म. कॅमेरा कुठून फिरणार, कोण कधी वळणार, एवढंच त्यात ठरवायचं. क्लायंटने ते मान्य केलं की अश्लेषाचं काम सुरू. प्रकाश, कापड, कातडी सगळं ती घालायची आणि मग फायनल रेंडर, म्हणजे खरीखुरी दिसणारी पक्की फिल्म, तयार व्हायची. रफ करडंच ठेवायचं, हा तिथला नियम. सजवलं की लोक रंगांवरच बोलत बसतात आणि चुका तशाच राहतात.

आम्हा तिघांचं इथलं परमिट तिच्या नोकरीवर होतं. पुण्यातली नोकरी सोडून मी तिच्यामागे अ‍ॅमस्टेलव्हीनला आलो तेव्हा आमची मुलगी संहिता कडेवर होती. आता ती शाळेत जाते आणि मराठीत विचारलं तरी डचमध्ये उत्तर देते.

उन्हाळ्यात सायकलवर मुलांना बसवायच्या सीटची फिल्म आली. आई मुलाला बसवते, पट्टा लावते आणि निघते. रफमधल्या आईला बोटं नव्हती, नुसते पंजे. ते पट्ट्यावरून फिरायचे की सायकल निघायची. बकल लागताना दाखवायचं काम फायनलवर सोडलं होतं.

मीटिंगच्या आदल्या दिवशी स्टुडिओचा मालक येरून तिला सहज म्हणाला, क्लायंट कुरकुरतोय, रफ जरा बरं दिसलं तर बरं. नियम तिला पाठ होता. पण कोथिंबीर न घालता पोह्यांची बशी पाहुण्यापुढे ठेवणं तिला जमत नाही. तिने कालव्याकाठी सकाळचं ऊन पाडलं, रस्ता ओला केला, आईला कोट आणि लोकरीचे हातमोजे घातले, म्हणजे बोटांचाही प्रश्न मिटला. पट्ट्यापर्यंत तिला वेळ पुरला नाही. घरी येऊन खुशीत सांगत होती, आणि मीही शाबासकी दिली.

क्लायंट इतका खूश झाला की हेच चालवू म्हणाला. अश्लेषाने येरूनला सांगितलं, पट्टा उघडा आहे, मला एक दिवस दे, मी लावून देते.

येरून म्हणाला, “कोण बघणार आहे?”

पुढच्या क्लायंटनेही तसंच मागितलं. फायनलवाचून भागतं हे येरूनच्या लक्षात आलं. वरवरची सजावट रफवालेच करू लागले, ते राहिले. अश्लेषाचं कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरात संपलं, ते त्याने वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी फुलं मात्र दिली.

दुसरी नोकरी शोधायला सरकार थोडी मुदत देतं. ती नकार वाचण्यात गेली. रफ करणारे हवेत, फायनल करणारे नकोत, असंच सगळीकडे. मला येरूनचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तिचाही आला. कोणी सांगितलं होतं ऊन पाडायला? हे मी तिला बोलून दाखवलं नाही. ती स्वतःलाच रोज बोलत होती.

परत जायचं ठरलं, म्हणून खेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन आम्ही तिघांची नावं रहिवाशांच्या यादीतून कमी करून घेतली. परत येताना ट्रॅमच्या थांब्यावर वारा सुटला होता. तिथल्या स्क्रीनवर तीच फिल्म लागली. ऊन, कालवा, कोट घातलेली आई. संहिता मान वर करून शेवटपर्यंत बघत राहिली.

“आई, त्या बाळाचा पट्टा लावलाच नाही,” ती डचमध्ये म्हणाली. “ते पडेल ना.”

मी अश्लेषाकडे पाहिलं. तिने स्क्रीनकडे पाहिलंही नाही.

“असू दे,” ती म्हणाली.

ट्रॅम आली. संहिताच्या जॅकेटची चेन उघडीच होती. तिचा हात धरून अश्लेषा तशीच चढायला निघाली. मी दोघींना थांबवलं, खाली वाकलो आणि चेन लावली.